गुपित कोणापासून? – रहस्यकथेतील पती-पत्नी

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने राजा परांजपे यांचा 'पाठलाग' हा जुना मराठी चित्रपट दाखविला. बाहेर समुद्र खवळलेला होता आणि मधे दोन वेळा वीजही गेली. तरीही सभागृहातून कोणी उठले नाही. चित्रपट संपल्यावर सरांनी विचारले, "यातले रहस्य कोणते?" बहुतेकांनी उत्तर दिले, "ती स्त्री कोण, हे रहस्य." सर म्हणाले, "ते तर शेवटी कळले. कळल्यानंतर काही उरले का?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

रहस्यकथा हा प्रकार आपल्या अभ्यासक्रमात फारसा येत नाही. कथा, कविता, नाटक, आत्मचरित्र यांवर आपण टिपणे काढतो. रहस्यकथा मात्र प्रवासात वाचावी आणि विसरून जावी, अशी पुष्कळांची समजूत आहे. माझे स्वतःचे अवांतर वाचन मात्र तेथूनच सुरू झाले. आमच्या घरात पुस्तके नव्हती. शेजारच्या आजोबांकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके होती. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक एके काळी घरोघरी ठाऊक होते. त्या कथांत संकट बहुधा बाहेरून येते. खलनायक काळोखातून येतो आणि नायक त्याला पकडतो. दार लावून घेतले की वाचक सुरक्षित असतो.

परंतु रहस्यकथेचा आणखी एक प्रकार आहे. त्यात भीती दाराच्या आतच असते. एकाच घरात राहणारी, एकाच चुलीवरचे जेवणारी दोन माणसे एकमेकांपासून काही लपवीत असतात आणि त्या लपविण्यातूनच पुढचा अनर्थ घडतो. पती-पत्नीमधील गुपितांवर आधारलेल्या या कथा आपल्याला इतक्या का खिळवून ठेवतात, हे समजून घेण्याचा हा माझा प्रयत्न आहे.

प्रथम दोन शब्दांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. 'रहस्य' आणि 'उत्कंठा' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो; पण ते एक नव्हेत. प्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ साली दीर्घ मुलाखत दिली. ती पुढे १९६६ साली पुस्तकरूपाने आली. तीत त्यांनी हा फरक एका साध्या उदाहरणाने सांगितला आहे. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारीत बसली आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला हे ठाऊक नसेल, तर स्फोट झाल्यावर त्याला क्षणभर धक्का बसेल, एवढेच. पण बॉम्ब आहे आणि तो किती वाजता फुटणार आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगितले, तर त्या साध्या गप्पा ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागेल. रहस्यात प्रेक्षकाला माहिती कमी असते. उत्कंठेत त्याला पात्रांपेक्षा अधिक माहिती असते, परंतु ती सांगता येत नाही.

हे तत्त्व परदेशातून आले असे मात्र समजू नये. आपल्या जत्रेतील दशावतार ज्याने पहाटेपर्यंत जागून पाहिला आहे, त्याला ते पुस्तकाशिवायही कळते. सीताहरणाच्या आख्यानात साधूच्या वेषात रावण येतो. तो रावण आहे हे देवळासमोर बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त सीतेला. माझी आजी दर वर्षी गोणपाटावर बसल्या जागेवरून ओरडायची, "गो बाये, भायर येव नको!" दर वर्षी सीता बाहेर यायची आणि आजी तितकीच हळहळायची. शेवट ठाऊक असूनही तिची उत्कंठा कमी होत नव्हती.

आता 'पाठलाग'कडे वळू. हा चित्रपट १९६४ साली आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या आहेत. पुढे १९६५ साली तमिळमध्ये 'इदय कमलम्' आणि १९६६ साली हिंदीत राज खोसला यांचा 'मेरा साया' हे चित्रपट याच कथेवरून निघाले. 'मेरा साया' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल; पण त्याचे मूळ मराठी आहे, हे आमच्या वर्गात फारच थोड्यांना ठाऊक होते.

कथा थोडक्यात अशी. एका वकिलाची पत्नी वारते. त्याने तिला स्वतःच्या डोळ्यांनी मृत पाहिलेले असते आणि तिचे अंत्यसंस्कारही झालेले असतात. त्यानंतर पोलिसांनी गुन्हेगारांच्या टोळीत पकडलेली एक स्त्री पुढे येते. ती हुबेहूब त्या पत्नीसारखी दिसते आणि मीच तुमची पत्नी, असे सांगते. खटला उभा राहतो. ज्या गोष्टी पती-पत्नीवाचून तिसऱ्या कोणालाही ठाऊक असणे शक्य नाही, त्या ती भर न्यायालयात सांगू लागते. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी क्षमा करावी, कारण उलगडा सांगितल्यावाचून पुढचे विवेचन करता येणार नाही. ती स्त्री खरोखरच त्याची पत्नी असते. मेली ती तिची जुळी बहीण. ही बहीण वाईट मार्गाला लागलेली असल्यामुळे पत्नीने तिचे अस्तित्वच नवऱ्यापासून लपवून ठेवलेले असते.

येथे मला एक गोष्ट जाणवली. या चित्रपटात पती-पत्नीची गुपिते दोन प्रकारची आहेत. पहिले गुपित दोघांचे मिळून असते. ते जगापासून राखलेले असते. एकमेकांना हाक मारण्याचे नाव, एखादी आठवण, एखादे भांडण या गोष्टी त्यात येतात. दुसरे गुपित दोघांपैकी एकाचे असते आणि ते दुसऱ्यापासून राखलेले असते. 'पाठलाग'मधील पत्नी पहिल्या प्रकारच्या गुपितांच्या आधारावर आपली ओळख पटवू पाहते. आणि ती संकटात सापडलेली असते ती दुसऱ्या प्रकारच्या गुपितामुळे. जे दोघांत होते ते तिला चारचौघांत सांगावे लागते, कारण जे दोघांत सांगायला हवे होते ते तिने सांगितले नव्हते. सारा चित्रपट या दोन गुपितांच्या ओढाताणीवर उभा आहे.

यातील पहिल्या गुपिताला तर कायद्यानेही मान दिला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १२२ व्या कलमानुसार, विवाहकाळात पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याला जे सांगितले असेल, ते उघड करण्याची सक्ती न्यायालय करू शकत नव्हते. ज्याने ते सांगितले त्याची संमती नसेल, तर दुसऱ्याला ते स्वखुशीने सांगण्याचीही मुभा नव्हती. पती-पत्नींमध्येच दावा असेल किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध गुन्हा केल्याचा खटला असेल, तर मात्र हे संरक्षण नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आणि हीच तरतूद त्याच्या १२८ व्या कलमात आली. म्हणजे दीडशे वर्षांत राज्य बदलले, कायद्याचे नाव बदलले. पण नवरा-बायकोचे बोलणे त्यांचेच, हे तत्त्व टिकले. दुसऱ्या प्रकारच्या गुपिताला, म्हणजे एकाने दुसऱ्यापासून लपविलेल्या गोष्टीला, असे कोणतेही कलम नाही. तेथे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

दुसऱ्या प्रकारचे गुपित भीतीपोटी राखले जाते, तसे ते फसविण्यासाठीही राखले जाते. याचे मराठीतील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक. मो. ग. रांगणेकर यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. माधव काझी याच्यावरील प्रत्यक्ष खटल्याचा आधार त्याला होता. वेगवेगळी नावे आणि रूपे घेऊन स्त्रियांशी लग्ने करणारा आणि त्यांना फसविणारा निपाणीचा लखोबा लोखंडे प्रभाकर पणशीकरांनी अजरामर केला. या एका माणसाची पाच रूपे ते एकाच प्रयोगात उभी करीत. फिरत्या रंगमंचामुळे न्यायालयातून भूतकाळात आणि भूतकाळातून पुन्हा न्यायालयात क्षणात जाता येई.

या नाटकात रहस्य जवळजवळ नाहीच. लखोबा तोच आहे, हे प्रेक्षकांना लवकरच कळते. तरीही प्रत्येक नव्या लग्नाच्या वेळी आपण अस्वस्थ होतो, कारण समोरच्या स्त्रीला ते ठाऊक नसते. आजीने सीतेला हाक मारावी, तशी त्या स्त्रियांना हाक मारावी असे वाटते. साक्षीदारांच्या पिंजऱ्यात येऊन त्या स्त्रिया जेव्हा आपली फसवणूक सांगतात, तेव्हा त्यांना लाज पत्करून बोलावे लागते आणि तो निर्लज्जपणे नाकारीत राहतो. 'पाठलाग'मधील पत्नी लाजेमुळे लपविते. लखोबा लाज नसल्यामुळे लपवितो. दोन्ही ठिकाणी सोसावे लागते ते स्त्रीलाच.

इंग्रजी साहित्यातही हा धागा आढळतो. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या 'गॅस लाइट' या १९३८ च्या नाटकात नवरा स्वतःचे गुपित राखण्यासाठी बायकोला तिच्या स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावतो. त्या नाटकाच्या नावावरून इंग्रजीत एक शब्दच रूढ झाला आणि आज आपणही तो बोलताना वापरतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डाफ्नी द्यू मॉरिए यांच्या 'रिबेका' या कादंबरीत नवरा पहिल्या पत्नीविषयी गप्प राहतो आणि त्या गप्पपणामुळे दुसरी पत्नी मनातल्या मनात झुरते. न सांगितलेल्या गोष्टीची जागा रिकामी राहत नाही. ऐकणारा ती आपल्या भीतीने भरून काढतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. कुडाळ तालुक्यातील आकेरी येथे चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली झी मराठीवर सुरू झाली. तिचे नाव 'हा खेळ सावल्यांचा' या १९७६ सालच्या रहस्यमय चित्रपटातील गाण्यावरून घेतलेले आहे. आपली बोली आणि आपली घरे पडद्यावर दिसली याचे अनेकांना कौतुक वाटले. कोकण म्हणजे भुतेखेतेच का, असा रागही काहींना आला. त्या वादात मी शिरत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो २०१९ साली आलेला तिचा दुसरा भाग. पहिल्या भागाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते आणि दुसरा भाग त्याआधीची गोष्ट सांगतो. म्हणजे शेवट काय, हे प्रेक्षकांना ठाऊकच होते. तरीही आमच्या वाडीत रात्री साडेदहाला घराघरांतून तोच आवाज येई.

लोक पाहत होते ते अण्णा आणि शेवंता यांच्यासाठी, असे म्हटले जाते. माझी आई मात्र माईकडे पाहत असे. नवऱ्याचे बाहेर काय चालले आहे हे माईला कळत असते. तरी ती भाकरी थापते, वाढते, घर सांभाळते. येथे मला गुपिताचा तिसरा प्रकार दिसला. पहिले गुपित दोघांचे, दुसरे एकाचे. तिसरे असे की ते दोघांनाही ठाऊक असते, पण बोलत कोणीच नाही. पाहणाऱ्याला वाटते की ही अडाणी बाई, हिला काय कळणार. प्रत्यक्षात तिला सर्व कळलेले असते. बोलल्यानंतर घर उभे राहील की नाही, एवढेच तिला कळलेले नसते.

येथवर लिहिलेले पुस्तकांतून आणि पडद्यावरून झाले. परंतु सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले नाही. ते मला घरी मिळाले. पुढचा मजकूर आई-बाबांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

आमच्या घरात महाविद्यालयात गेलेली मी पहिलीच. बाबा चौथी शिकलेले, आई दुसरी. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. 'पाठलाग' पाहिला त्याच सुमारास, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात, होडी वर ओढलेली असताना बाबांनी मला किनाऱ्यावर बोलावून एक पाकीट दिले. इंजिनासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते आणि जप्तीची सूचना आली होती. मी ती वाचून दाखविली. बाबा म्हणाले, "आवशीक सांगा नको." त्यानंतर आठ दिवसही झाले नसतील, तोच आईने सुक्या मासळीच्या टोपलीखालून दुसरा एक कागद काढला. तो सोनोग्राफीचा इंग्रजी अहवाल होता. शब्दकोश घेऊन बसले आणि अर्थ लावला. गर्भाशयात गाठ होती आणि शस्त्रक्रिया करावी, असे डॉक्टरांचे मत होते. आई म्हणाली, "बापाशीक कळूक नको. होडी चालू झाली की बघूया."

त्यानंतर रोज रात्री आम्ही तिघे जेवायला बसत असू. बाबा आईला सांगत, यंदा हंगाम बरा जाईल. आई बाबांना सांगे, कंबर भरली आहे, बाकी काही नाही. दोघे एकमेकांना धीर देत आणि मी दोघांच्या मधे बसून भात कालवीत असे. हिचकॉकच्या टेबलाखालचा बॉम्ब काय असतो, हे मला तेव्हा समजले. प्रेक्षक ओरडू शकत नाही, कारण तो पडद्याबाहेर असतो. मी तर घरातच होते. मला ओरडता येत होते. पण मी दोघांनाही शब्द दिला होता.

मी दोघांनाही वेगवेगळे सांगितले की चतुर्थीच्या आत तुम्ही एकमेकांना सांगा, नाही तर मी सांगेन. दोघांनीही मान हलविली आणि कोणीच सांगितले नाही. शेवटी एका रात्री जेवताना मी दोन्ही गोष्टी बोलून टाकल्या. आईचे ऐकून बाबांचा हात ताटातच थांबला. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. आई मात्र कर्जाचे ऐकून शांतपणे म्हणाली, "माका ठावक होता." जामीन राहिलेल्या गृहस्थांच्या बायकोने तिला मासळीच्या लिलावाच्या वेळीच सांगितले होते. मग बोलली का नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "तेंका वायट वाटात म्हणान गप रवलंय." होडी चालू झाली की बघूया, असे ती का म्हणत होती, ते मला त्या वेळी कळले. कर्ज ठाऊक होते म्हणूनच ती दुखणे लपवीत होती.

गणपती झाल्यावर सरकारी रुग्णालयात आईची शस्त्रक्रिया झाली. ती आता बरी आहे. कर्जाचे हप्ते नव्याने बांधून मिळाले आणि ते अजून चालू आहेत. पण यावरून माझा विजय झाला, असे मला म्हणता येत नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर होडीला रंग लावता लावता एवढेच म्हणाले, "वाचूक शिकलंस ता बरा झाला, पण सगळा मोठ्यान वाचूचा नसता." त्या वाक्याला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. आईची गाठ लपून राहिली असती तर काय झाले असते, हे मला ठाऊक आहे. पण बाबांची मान माझ्यासमोर खाली गेली, तीही मी पाहिली आहे.

आता सरांच्या प्रश्नाकडे परत येते. 'पाठलाग'मधील स्त्री कोण, हे कळल्यानंतर काय उरते? माझ्या मते, इतके प्रेम करणाऱ्या नवऱ्याला आपल्या बहिणीविषयी सांगण्याचे धैर्य तिला का झाले नाही, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर न्यायालय देत नाही. आपण त्याच्या नजरेतून उतरू, या भीतीने ती गप्प राहिली. माझे बाबा त्याच भीतीने गप्प राहिले. आई गप्प राहिली ती त्यांना उतरू द्यायचे नव्हते म्हणून. रहस्यकथेचा लेखक या भीतीला खून, खटला आणि जुळी बहीण यांचे कपडे चढवितो, म्हणून आपण ती तीन तास पाहू शकतो. कपडे काढले तर ती आपल्या घरातलीच निघते.

म्हणून रहस्यकथेला हलके वाङ्मय म्हणून बाजूला सारू नये, अशी माझी वर्गमित्रांना आणि गुरुजनांना नम्र विनंती आहे. चांगली रहस्यकथा 'कोणी केले' एवढेच विचारून थांबत नाही. 'का सांगता आले नाही' हेही ती विचारते. पुढच्या वेळी अशी एखादी गोष्ट वाचाल किंवा पाहाल, तेव्हा शेवट कळल्यावर पुस्तक लगेच मिटू नका. थोडा वेळ त्या गप्प राहिलेल्या माणसाजवळ बसा.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.